मागच्या चाकातली हवा

रेतीत गाडी चालवायची असली की टायरमधली हवा कमी करतात. आज मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी हे सांगेन. पण ज्या पहाटे ते ठाऊक असायला हवं होतं त्या पहाटे ठाऊक नव्हतं, आणि मी आमच्या नातीच्या गाडीची दोन्ही चाकं पायपंपानं भरून दगडासारखी टणक करून ठेवली. त्याच दिवशी तिला नदीच्या पात्रात गाडी चालवून दाखवायची होती. मला कोणी भरायला सांगितलं नव्हतं, मी कोणाला विचारलं नव्हतं. उलट कोणी पाहू नये म्हणून अंगणातला दिवासुद्धा लावला नव्हता.

तेव्हा मी लहान होते. बासष्ट वर्षांची. आता सदुसष्टावं लागलं आहे, म्हणून त्या बाईकडे जरा लांबून पाहता येतं. पदर कमरेला खोचलेला, एक हात गाडीच्या सीटवर, आणि दुखऱ्या गुडघ्याच्या पायानं पंप हाणणं चाललेलं. डॉक्टरांनी तिला जिने चढायची मनाई केली होती. पंपाबद्दल ते काही बोलले नव्हते.

हे सगळं मी नातीच्या मायेपोटी केलं, असं पुष्कळ दिवस सांगत होते. ते खोटं आहे. मी जळत होते.

जळत होते ती आमच्या विहिणीवर, म्हणजे सुनेच्या आईवर. ती पवनारची. त्यांचं वावर धाम नदीच्या काठाला, आणि दिवाळीनंतर पाणी उतरलं की पात्रातल्या रेतीत त्यांची डांगर-टरबुजाची, म्हणजे खरबूज-कलिंगडाची वाडी लागते. आम्ही काळ्या मातीतली, पराठीची, म्हणजे कापसाची माणसं. वावर आहे, पण राहायला बोरगाव मेघेत, पक्क्या घरात. सोयरीक ठरली तेव्हा मी आमच्या ह्यांना म्हटलं होतं, की पोरगी चांगली आहे, पण रेतीत पीक घेणाऱ्या माणसांचं काय खरं, पाय ठेवला तिथून सरकते ती. हे हसले नव्हते. माझ्या बोलण्यावर ते क्वचितच हसत.

पुढे नात झाली, ती आमच्याच घरात वाढली. तिचं जावळ, तिचा गोवर, तिचं पहिलं पावसाळी डबकं, सगळं माझ्यासमोर. दर रविवारी तिच्या डोक्याला तेल लावणं हे माझं काम. तेल लावता लावता ती मला आठवडाभराचं सांगायची आणि मी पाटवडीचा रस्सा मुरत ठेवलेला असायचा. आता ह्या पोरीला लहानपणी दोन आज्या वेगळ्या ओळखायला काहीतरी हवं होतं, म्हणून तिनं तिकडच्या आजीला नाव ठेवलं 'नदीवाली आजी'. आणि मी 'घरची आजी'. पहा म्हणजे. एकीच्या वाट्याला अख्खी नदी आली आणि दुसरीच्या वाट्याला घर, जसं घरचं तूप किंवा घरची चप्पल. पोर तीन वर्षांची होती, तिला काय कळतं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. पण ते मनात राहून गेलं.

माझा हा स्वभाव काही म्हातारपणी आलेला नाही. नववीत असताना वर्गातल्या एका मुलीला नवी सायकल आली, डायनामोची, मागे लाल दिवा असलेली. मी मधल्या सुट्टीत साडीच्या पिनेनं तिच्या मागच्या चाकाची हवा सोडली. नववीतल्या आम्हा मुलींना शाळेत साडी होती, त्यामुळे पीन कायम जवळ असे. ती मुलगी तीन किलोमीटर सायकल ढकलत घरी गेली, आणि मी तिच्यासोबत चालत, तिला धीर देत. एवढी चांगली मैत्रीण आपल्याला आहे म्हणून ती रडली. ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नव्हती. लग्नानंतर ह्यांनाही नाही.

तर नात. ती एकोणीस वर्षांची झाली, वर्ध्याला कॉलेजात जाऊ लागली आणि तिला ह्या उड्या मारणाऱ्या मोटारसायकलचं वेड लागलं. रस्त्यावरची गाडी नव्हे. हेडलाइट नाही, नंबरप्लेट नाही, पुढचं मडगार्ड चाकापासून हातभर वर टांगलेलं, सीट इतकी उंच की मला ते घोडं वाटायचं. माझ्या मुलानं तिला ती जुनी पाहून घेऊन दिली. आमच्या घरामागे मोकळे प्लॉट आहेत, तिथल्या मुरुमावर आणि काळ्या ढेकळांवर ती फिरवायची. मी गच्चीवरून पाहायची. शेजारच्या बायका विचारायच्या, पोरीच्या जातीनं हे काय. मी सांगायची की तिच्या आजीवर गेली आहे. कोणती आजी, ते सांगायची गरज तेव्हा पडत नसे.

मग नागपूरच्या एका क्लबची निवड आली. विदर्भातल्या चार मुलामुलींना ते वर्षभर आपल्याकडे शिकवणार, गाड्या त्यांच्या, मास्तर त्यांचे. निवड फेब्रुवारीत, आणि जागा नाचणगावच्या पुढे, वर्धा नदीच्या पात्रात. रेतीवर. नातीनं जन्मात रेतीवर गाडी घातलेली नव्हती. तिनं रात्रीच्या जेवणाला हे सांगितलं आणि ताट सरकवून दिलं. तिला ती निवड किती हवी होती हे मला त्या ताटावरून कळलं, कारण ताटात भरीत होतं आणि ती भरीत सोडणारी पोर नाही.

मी म्हटलं, माती ती माती, आपण वावरात बैलबंड्या हाकल्या आहेत, ट्रॅक्टर रुतलेले काढले आहेत, मी सांगते तुला. तिनं माझ्याकडे पाहिलं, प्रेमानंच पाहिलं, आणि फोन उचलून पवनारला लावला.

तिथून चार महिने माझे रविवार गेले.

सकाळी उठून ती पवनारला जायची. संध्याकाळी यायची ती ओठ फुटलेले, केसांत नदीचा वास, आणि बुटांत, खिशांत, कानांतसुद्धा रेती. तेल लावायला बसवावं तर डोकं कंगव्याला कर्र-कर्र वाजायचं. आणि बोलणं एकच. नदीवाल्या आजीनं आज गाडी सुरूच करू दिली नाही, नुसतं अनवाणी चालवलं. नदीवाल्या आजीनं आज पाण्याजवळची ओली रेती आणि मधली कोरडी रेती डोळे बांधून पायानं ओळखायला लावली. नदीवाली आजी म्हणते, रेतीत थांबायचं नाही, दचकायचं नाही, वळायचं तर आधीपासून मनात वळायचं. मी म्हणायची, वा. दुसरं काय म्हणणार. तिच्या बुटांतली रेती मी गोडनिंबाच्या कुंडीत झटकायची. चार महिन्यांत त्या गोडनिंबाला अशी पालवी फुटली की फोडणीला तोडताना मला त्याचाही राग यायचा.

जानेवारीत टायर घ्यायला आम्ही वर्ध्याला गेलो. मी हट्टानं सोबत गेले. आधीची टायरं ढेकळांवर घासून गुळगुळीत झाली होती. दुकानदारानं मागच्या चाकासाठी दोन टायरं पुढे ठेवली. दोन्ही बटणाचीच, म्हणजे रबराचे उंच गट्टू असलेली. एकाचे गट्टू जवळजवळ, मक्याच्या कणसासारखे भरगच्च. दुसऱ्याचे उंच, पण दूर-दूर, मध्ये बोटभर जागा रिकामी, टक्कल पडल्यासारखी. मी भरगच्चावर हात ठेवला. गजरा घेताना आपण भरलेला घेतो का विरळ, असं मी नातीला विचारलं. तिला ते पटतही होतं असं मला वाटलं. मग तिनं फोन उभा धरला आणि त्यातून विहीण दिसली, वाडीतच, डोक्याला दुपट्टा बांधलेला, मागे वेलांच्या ओळी.

"दूर-दूर बटनं पाह्यजो, बाई," ती म्हणाली. "चिपकून असलेले नको घेजो. आपन वेल कसे लावतो? मंधात जागा सोडून. तसं."

मी फोनमध्ये डोकं घालून विचारलं, "काऊन? इतकी जागा रिकामी सोडून कोणी टायर घेते का, विहीणबाई?"

"रेतीले घट्ट धरता येत नाई न," ती म्हणाली. "मुठीत धरून पाहा. फावड्यानं मागं लोटा, मंग जाते."

आणि दुकानदार, ज्याला मी आल्या-आल्या मुलासारखं मानून चहाला नको म्हटलं होतं, तो म्हणाला की आजी बरोबर सांगतात. मला वाटलं माझ्याबद्दल बोलतो आहे, म्हणून मी मानही हलवली. तो फोनमधल्या आजीबद्दल बोलत होता. दूर गट्टू असले की मधली रेती सुटते, भरगच्च टायर रेतीत नुसतं जागच्या जागी फिरून खड्डा करतं. पुढच्या चाकालाही त्यानं कडांना उंच गट्टू असलेलं काढलं, वळताना कड चावावी म्हणून. टक्कलवालं टायर गाडीला बसलं. माझं भरगच्च टायर बाकाशेजारी भिंतीला टेकून उभं राहिलं, आणि काम होईपर्यंत त्याच्या बाजूला मी.

निवडीच्या आदल्या संध्याकाळी विहीण आमच्याकडे मुक्कामाला आली. सोबत टरबुजाची पहिली दोन कच्ची फळं, भाजीला. मी तिला हसून पाणी दिलं, आग्रहानं वाढलं. दिवेलागणीला नात टेम्पोवाल्याला फोन करायला बाहेर गेली आणि सून पोळ्या करत होती. मी खिडकीशी गोडनिंब तोडत होते. अंगणात विहीण गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवी बसलेली दिसली. एकटी. आणि मग मला तो आवाज आला.

फुस्स. थांबून, पुन्हा फुस्स.

तो आवाज जगात माझ्याइतका कोणाला ओळखता येईल. सत्तेचाळीस वर्षांनी मला तो दुसरीच्या हातून ऐकू आला, आणि माझ्या डोक्यात एका क्षणात सगळं जुळलं. पोरीची निवड झाली की ती नागपूरला जाणार. नागपूरला गेली की पवनारचे रविवार संपणार. म्हणून ही हवा सोडते आहे. नववीत मी जे केलं तेच ही म्हातारपणी करते आहे. मला तिचा इतका संताप आला, आणि खरं लिहायचं तर तितकाच आनंदही झाला. अखेर ती माझ्याच जातीची निघाली होती.

तेव्हा एकच करायचं होतं. खिडकीतून विचारायचं, काय करता विहीणबाई. तिनं सांगितलं असतं. पण टायरच्या दुकानात एकदा विचारून मी तोंडघशी पडले होते, पुन्हा पडायची तयारी नव्हती. नातीला विचारावं, तर तिनंही सांगितलं असतं. मला कोणाकडून ऐकायचं नव्हतं. मला पोरीला वाचवायचं होतं, एकटीनं, आणि मग ती निवडून आली की सावकाश, चहा पिताना, सगळ्यांसमोर सांगायचं होतं की चाक कोणी पाहिलं आणि हवा कोणी भरली. ते वाक्यसुद्धा मी अंथरुणात जुळवून ठेवलं होतं. पहाटे पाचला उठून मी काम उरकलं. पुढचं चाकही सैल निघालं, तेही भरलं. अंगठ्यानं दाबून पाहिलं. दबत नव्हतं. मी हात धुतले आणि सगळ्यांसाठी पोहे टाकले.

नाचणगावला पोचेपर्यंत ऊन तापायला लागलं होतं. पात्रात काठ्या रोवून, फीत बांधून वाट आखली होती. पाण्याकडून वर, कोरड्या रेतीतून दोन वळणं, मग एक उंचवटा, आणि परत. प्रत्येकाला दोन फेऱ्या, आणि दोन्ही मिळून पाहणार होते. नातीनं टेम्पोतून गाडी उतरवली, हेल्मेट चढवलं. घाईत तिनं चाकांकडे पाहिलंच नाही. पाहायचं कशाला, आदल्या दिवशी नदीवाल्या आजीनं हवा पाहिली होती, एवढं तिला पुरेसं होतं. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि त्याचंही मला वाईट वाटलं. इतका भरवसा.

ओल्या रेतीवर गाडी छान गेली. मी विहिणीकडे पाहिलं. तिची नजर चाकावर होती आणि कपाळाला आठी. मग कोरडी रेती आली आणि मागचं चाक एका जागी फिरू लागलं. गाडी पुढे जाईना, खाली जाऊ लागली. मागे रेतीचा फवारा आणि चाक अर्ध्यापर्यंत गाडलेलं, जसं कोणी खड्डा खणून ठेवलं असावं. तिनं पाय टेकून ओढून काढली, पुढच्या वळणावर पुढचं चाक सरकलं, आणि ती आडवी झाली. लागलं नाही. पण तोंडात, नाकात रेती घेऊन, गाडी हातानं ढकलत ती परत आली. बाकीची मुलं बाजूला होऊन वाट देत होती. हे पाहणं काही सोपं नव्हतं, मी सोपं करून सांगत नाही.

विहीण खाली बसली आणि तिनं मागच्या चाकावर अंगठा दाबला.

"हवा कोनं भरली?"

नात म्हणाली, मी नाही. ती टेम्पोवाल्याकडे वळली. त्यानं दोर सोडता सोडता सांगितलं की त्यानं चाकाला हात लावलेला नाही. मी पदरानं घाम पुसत होते. आणि मग विहीण, अजून तशीच उकिडवी बसलेली, हळू आवाजात म्हणाली, "मंग मीच सोडली नसन बराबर. म्हातारी झालो. सोडली का नाई, ध्यान नाई माह्या."

नातीनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत चार महिन्यांत पहिल्यांदा एक शंका होती, म्हातारीवर आपण उगाच विसंबलो का अशी. म्हणजे मला जे हवं होतं ते अगदी तिथं होतं, हाताच्या अंतरावर, मला काही करायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प राहायचं होतं. एक घोटभर ते गोड लागलं, हेही लिहून ठेवते. मग विहिणीनं पुन्हा चाक दाबलं, स्वतःलाच पटवायला दाबावं तसं, आणि तिचा तो रेतीनं चिरलेला अंगठा मला दिसला.

"मी भरली," मी म्हटलं. "आज पहाटे. दोन्ही चाकं."

"काऊन?" नातीनं विचारलं.

रात्रभर जुळवलेलं वाक्य आता अगदीच कामाचं नव्हतं. मी खाली बसले. गुडघा कडाडला. साडीची पीन काढली, चाकाच्या नळीचं टोपण फिरवून काढलं आणि मधल्या टाचणीवर पीन दाबली. फुस्स. हात काही विसरला नव्हता. विहिणीनं चप्पल काढून अनवाणी टाच टायरवर ठेवली. ती दाबायची आणि म्हणायची, अजून. मी सोडायची. अजून. मी सोडायची. दोघींची डोकी इतकी जवळ होती की तिच्या केसांतलं तेल मला वासानं ओळखता आलं. माझंच होतं, सुनेनं नेऊन दिलं असणार. मध्येच ती मला सांगू लागली, पोरीला सांगावं तसं, की टणक चाक रेतीत घुसते आणि सैल चाक पसरते, अनवाणी पाय पसरते तसं. वाडीतून टरबुजं लादून सायकल पात्राबाहेर काढायची तर ते आधी चाकातली अर्धी हवा काढून टाकतात, लग्न होऊन आल्यापासून ती हेच करत आली आहे. मग म्हणाली, बस.

पुढच्या चाकाला मी विचारल्याशिवाय नेमकी तेवढीच सोडली. विहिणीनं टाच ठेवून पाहिली आणि मान हलवली. नात वरून बघत होती.

"आजी, तुले हे कुठून येते?"

तेव्हा मी सांगितलं. डायनामोची सायकल, लाल दिवा, तीन किलोमीटर, सगळं. नदीच्या पात्रात, तिचं नाव पुकारलं जायच्या आधी, घाईघाईत. तिनं हेल्मेट चढवलं होतं, त्यामुळे चेहरा दिसला नाही, पण खांदे हलत होते. आधी मला वाटलं रडते आहे. हसत होती.

दुसरी फेरी मी पाहिली ती विहिणीच्या खांद्याला धरून, कारण खाली बसल्यावर मला एकटीला उठता येईना. कोरड्या रेतीत गाडी शिरली आणि ह्यावेळी खाली गेली नाही. ती वरून गेली. मागचं चाक दबून चपटं झालं होतं, आणि दूर-दूरचे ते गट्टू रेती मागे लोटत होते, फावड्यानं लोटावी तशी. पुढचं चाक जरा डगमगत होतं, पण नात त्याच्याशी भांडत नव्हती, ते डगमगू देत होती. पहिलं वळण, दुसरं वळण, उंचवट्यावरून खाली. विहीण तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. मी विचारलं काय, तर म्हणाली, काई नाई.

चौघांत तिचं नाव आलं नाही. ती पाचवी, राखीव. दोन्ही फेऱ्या मिळून पाहणार होते आणि पहिली फेरी माझी होती. घरी येताना टेम्पोत ती पुढे बसली आणि आम्ही दोघी मागे, मध्ये गाडी. पुढचे पंधरा दिवस मी कसे काढले ते मला माहीत. तेल लावायला बोलवायची हिंमत नव्हती. गोडनिंबाला पाणी घालत होते, एवढंच. सोळाव्या दिवशी फोन आला. चौघांतल्या एकाच्या घरच्यांनी पाठवायला नकार दिला होता आणि हिला बोलावलं होतं. नातीनं बातमी सांगितली, मग कंगवा आणि तेलाची वाटी घेऊन माझ्यासमोर येऊन बसली, आपल्या आपण.

जायच्या आदल्या आठवड्यात ती पवनारला निरोप घ्यायला गेली आणि तिथं तिनं ती गोष्ट सांगितली. एका घरी नव्हे. वाडीत, नदीवर, दुकानात, बसची वाट पाहता पाहता. आमच्या आजीनं शाळेत हवा सोडली होती आणि बासष्टाव्या वर्षी भरली. पंपाची, दिवा न लावल्याची, अगदी माझ्या चेहऱ्याची नक्कलसुद्धा करून. मला हे काहीच माहीत नव्हतं.

चैत्रात डांगरं पिकली तेव्हा विहिणीनं बोलावलं म्हणून मी पवनारला गेले. नात नागपूरला होती, रविवार आता दोघींचेही रिकामे होते. नदीकडे उतरताना दोन बायका मला पाहून थांबल्या. त्यातली एक म्हणाली, हवावाली आजी ना तुम्ही. मला कळेना. वाडीपर्यंत जाईस्तोवर आणखी तिघांनी तेच विचारलं, त्यात एक म्हातारा तर लांबून पंप मारल्यासारखा पाय करून दाखवत होता. मी चपला हातात घेऊन, अनवाणी, विहिणीपाशी पोचले. ती वेलांच्या ओळीत बसून डांगर कापत होती. तिनं मला बसायला पोतं टाकलं, फोड दिली, पण चेहरा ओढलेला. मी फोड खाल्ली, गोड आहे म्हटलं. ती हूं म्हणाली. मी विचारलं, काय झालं, बरं नाही का. तिनं सुरी रेतीत खुपसून पुसली, दुसरं डांगर मांडीवर घेतलं, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली:

"विहीणबाई, चार महिने मी तिले रेती शिकवली, ते कोनाले मालूम नाई. तुमी येक डाव हवा भरली, तं पोरगी साऱ्या पवनारले सांगून राह्यली. आता पुढच्या डावाले हवा मी भरतो, तुमी सोडजा."